पंप बोलतोय

बोईसर,
१७ सप्टेंबर, बुधवार

तीर्थरूप रामाकाका,

पाया पडतो. हिराकाकीच्याही पडतो. रुचिता, तुझ्या पडत नाही, पण हे मोठ्यानं वाचायचं काम तुझंच आहे, कारण काकांना माझं अक्षर लागत नाही आणि काकीला चष्मा सापडत नाही. मधलं काही वगळू नकोस. तू वगळतेस, मला माहीत आहे. सातवीत माझं प्रगतिपुस्तक वाचून दाखवताना तू गणित वगळलं होतंस. त्याचे उपकार आहेत, पण आज नको.

पत्र घेऊन आलाय तो जिवल्या. काका, त्याला हाकलू नका. काकी, त्याला ओटीवर बसव, पाणी दे, आणि वाचून होईपर्यंत जाऊ देऊ नको. पत्रात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. काकांना एक चिठ्ठी द्यायची आहे, एवढंच मी त्याला सांगितलंय. तो यायला तयारच नव्हता. "तुज्या काकानं सांगितलाय, बंदरावर परत पाय ठेवू नको," म्हणाला.

मी बरा आहे. कमलेशच्या गॅरेजातच झोपतो, जेवतो. इथली हवा तुम्हाला माहीतच आहे, वारा फिरला की घसा खवखवतो. कमलेशनं एक कुत्रं पाळलंय, त्याचं नाव क्लच. हाक मारली की येत नाही, म्हणून कमलेश म्हणतो, घसरतंय. बघा, सुरू झालं माझं. कुठून कुठे जातो मी. काकी लहानपणी माझी चप्पल तांदळाच्या डब्यामागे लपवायची, मी गावभर हुंदडायला जाऊ नये म्हणून. तेवढा दिवस मी घरात सापडायचो. नंतर ती लपवायची थांबली आणि मी सापडायचाही थांबलो.

फोन का नाही केला? फोनवर मी थापा मारतो. कागदावर मारल्या तर निदान मला स्वतःला दिसतात.

रुचिता, तुझे अकरा मिस्ड कॉल होते. मला वाटलं, गणपतीला येणार का म्हणून विचारशील. मी तेव्हा गुजरातेत गाडी घेऊन भटकत होतो, नाही म्हणायची लाज वाटत होती, म्हणून उचललेच नाहीत. देवाशपथ, मला काही माहीत नव्हतं. परवा सोमवारी कळलं.

सोमवारी सकाळी मी नाक्यावर वडापाव आणायला गेलो. तिथं मजूर उभे असतात, कुणाच्या हातात थापी, कुणाचे हात नुसतेच. त्यांच्यात आपल्या बोटीवरचा जिवल्या. मी लांबूनच ओरडलो, "काय रे जिवल्या, समुद्रातले मासे संपले काय?"

तो हसला नाही. म्हणाला, "तुला ठावं नाय?"

"काय?"

"बोट बुडत होती. तुज्या काकाची दोन बोटं गेली."

मला कळलंच नाही, काका. खरं सांगतो. मी म्हटलं, "दोन बोटी कुठल्या? आपली एकच आहे." मी तेव्हा हसतही होतो. त्यानं उजवा हात वर केला आणि शेवटची दोन बोटं दुमडून मला दाखवली. बराच वेळ तसाच धरून राहिला. मागचा माणूस म्हणाला, "अरे भाई, आगे बढ़ो," पण मला पुढे-मागे काही सुचेना. वडापाववाल्याकडे पैसे दिले आणि वडापाव न घेताच बाजूला झालो.

मग त्यानं सगळं सांगितलं. भर दुपारी पाऊस. पंख्याच्या शाफ्टजवळून पाणी नेहमी येतं तसं येत होतं, ते बाहेर फेकणारा पंप चालू होता. पावसात आणि लाटांत बाहेर पडणारी धार काही दिसत नव्हती. मग खालच्या फळ्या तरंगायला लागल्या, इंजिन पाण्यात गेलं. तुम्ही सगळे बादल्यांनी उपसत होता. जाळी कापून सोडली. दुसरी बोट ओढायला आली, आणि ओढायचा दोर आवळला तेव्हा तुमचा हात मधे होता.

मी म्हटलं, "पंपाशी तू होतास ना? मग पाणी चढेपर्यंत काय करत होतास?" मीसुद्धा हेच विचारलं बघा, काका. सगळ्यांनी विचारलं तेच.

तर म्हणाला, "मी झोपलो नव्हतो रं. पंप बोलत होता. मी हात लावून बघितला, तुज्या काकानं शिकवलाय तसा. बोलत होता. कुणाला पटत नाय. ठमीला पण वाटतंय मी झोपलो होतो." ठमी म्हणजे त्याची बायको.

तोपर्यंत मी नुसता हादरलो होतो. हे ऐकलं मात्र, मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. जिवल्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं कुठून तरी पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

का ते सांगायला मला आधी एक गाडी सांगावी लागेल. कंटाळा आला तरी ऐका.

दर्पणशेठ म्हणून आहे, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे दोन दाराची शर्यतीची गाडी आहे, जुनी, पण इंजिन असं की चालू केलं की समोरच्या दुकानाच्या काचा थरथरतात. तरी त्याला आणखी दम हवा होता. म्हणून टर्बो. टर्बो म्हणजे धुरावर चालणारा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तो पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. सगळे लोक तो इंजिनाला लागूनच बसवतात. या गाडीच्या बॉनेटखाली मुठीएवढी जागा नाही. म्हणून मी म्हटलं, मागे बसवू. सायलेन्सर काढून, डिकीखाली, आणि तिथून हवेचा पाइप गाडीच्या पोटाखालून थेट पुढे. कमलेश म्हणाला, "वेडा हायस तू." दर्पण म्हणाला, "होईल?" मी म्हटलं, होईल. मला 'होईल' म्हणायला फार आवडतं.

आता टर्बोला तेल लागतं. तेल इंजिनातून मागे जातं, पण परत यायची पंचाईत. मागचा टर्बो इंजिनापेक्षा खाली लटकतो, तेल आपोआप चढत नाही. खाली साचलेलं उचलून वर फेकायला पंप हवा. म्हणजे आपल्या बोटीचंच झालं की नाही? मला तेव्हा हेच सुचलं, आणि सुचलं म्हणून मी खूश झालो.

तेलाचा पंप मागवला होता, तो येता येईना. दर्पण रोज दारात. जुलैचा महिना, मासेमारीची बंदी, आपली बोट ताडपत्री घालून किनाऱ्यावर. मी एका दुपारी आलो होतो, आठवतं? काकी, तू सोड्यांची खिचडी केली होतीस आणि निघताना पिशवीत सुके बोंबील भरून दिलेस. त्या पिशवीत बोंबलांच्या खाली बोटीचा पंप होता. मी तो आधीच काढून ठेवला होता. आठवड्यात परत लावू, पडूनच तर आहे, असं मनाशी म्हटलं.

आमचा वेल्डिंगवाला पंप बघूनच म्हणाला होता, "भाई, ये पानीवाला है. गरम तेल में इसका रबड़ फूल जाएगा." मी म्हटलं, तू तुझं वेल्डिंग कर.

काका, गाडी काय पळाली! तारापूरच्या रस्त्यानं. इंजिन पुढे आणि शिट्टी मागून येते, जणू कुणी पाठीमागे उभं राहून शीळ घालतंय आणि मग ढकलतंय. वीस मिनिटं मी या जगात नव्हतो. मग आरशात काही दिसेना. मागून निळा-पांढरा धूर, एवढा, की समोरून स्कूटरवर माशांची पाटी घेऊन येणारी एक मावशी ओरडली, "आग लागली रं मेल्यांनो, उतरा!" उतरलो. टर्बोत तेल तुंबलं होतं, ते जळत होतं. पंपाला हात लावला. पंप चालू होता. घुं घुं, घुं घुं, नेहमीसारखा. फक्त उचलत काही नव्हता.

हे वाक्य रुचितानं पुन्हा वाचावं. पंप चालू होता, फक्त उचलत काही नव्हता.

नारळी पौर्णिमेच्या आधी तुमचा निरोप आला की बोटी उतरवायच्या आहेत. मी धुऊन-पुसून ठेवलेला पंप घेतला, आलो आणि जागच्या जागी बसवला. तुम्ही शिडी चढून वर आलात. किनाऱ्यावर बोटीत पाणी नसतं, म्हणून आपल्याकडे पंप बघतात तो असाच, बटण दाबायचं, हात लावायचा, ऐकायचं. तुम्ही विचारलंत, "पंप बोलतोय का रं?"

मी म्हटलं, "बोलतोय."

तुम्हीही वरून हात ठेवलात. "हां, बोलतोय." आणि जिवल्याला म्हणालात, "बघ, आमच्या सुजीतच्या हाताला यंत्र कळतं."

इथपर्यंतचं पत्र मी आधी दोनदा लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा पुढे लिहिलं होतं की मला वाटलं पंप ठीक आहे, पोराची चूक झाली, माफ करा. ते खोटं आहे.

मी पंप उघडला होता. धुताना. आत रबराचं चाक असतं, सहा पाकळ्यांचं, तेच पाणी ओढतं. दोन पाकळ्या उरल्या होत्या, त्याही भिजलेल्या पावासारख्या फुगलेल्या. बाकीच्यांचा काळा चुरा. मोटर चांगली होती, म्हणून आवाज चांगला होता. ते चाक पालघरला मिळतं. मी आणायला निघालो होतो, पालघरच्या स्टँडवर उतरलोही. तेवढ्यात दर्पणचा फोन, "तेलाचा पंप आला, लवकर ये." आणि मी बोईसरच्या गाडीत बसलो. दुकान स्टँडपासून पाच मिनिटं होतं.

मग तुमचा निरोप. मी झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, म्हटलं आता बसवून ठेवू, दोन दिवसांत चाक आणून बदलू. मग तुम्ही विचारलंत. तेव्हा "थांबा काका, आतलं चाक गेलंय" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या. काकीनं जेवायला वाढलं असतं.

मग गाडी गुजरातेत निघाली, गाडीबरोबर मी. विसरलो असं म्हणणार होतो, तेही खरं नाही. दमणला किनाऱ्यावर नारळाची रास दिसली तेव्हा आठवलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, बोट उतरली असेल. फोन हातात घेतला. मग कुणीतरी म्हणालं, चल, गाडीचा व्हिडिओ काढू.

सगळे म्हणतात पंपानं फसवलं, नाहीतर जिवल्यानं. पंप कुठे बोलतो, काका? बोललो मी.

जिवल्या झोपला नव्हता. तुम्ही शिकवलं तेच त्यानं केलं, हात लावला, ऐकलं. तुम्ही बंदरावर चार लोकांत डाव्या हातानं त्याच्या कानाखाली वाजवलीत, तेव्हा उजव्याला पट्टी होती म्हणे. आता त्याला कुठलीच बोट घेत नाही. झोपणारा म्हणतात. माझी विनंती एवढीच, ज्या चार लोकांत मारलंत त्या चार लोकांत सांगा की हा जागा होता. ठमीलाही कळू द्या. नावासकट सांगा, सुजीतनं केलं म्हणून. 'कुणीतरी' म्हणू नका.

जिवल्या, तू ऐकतोयस. नाक्यावर मी तुला सांगायला पाहिजे होतं. तू मला पाणी पाजलंस आणि मी तुला चहा पाजून गप्प बसलो. तू म्हणालास, "तुला तरी पटतंय ना?" मी मान हलवली. मला पटायचं काय होतं रे.

काका, गाडी अजून उत्तम पळते. हे लिहायला हात जड होतो, पण पळते.

आता पुढचं. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं येतोय. वाटेत पालघरला ते दुकान उघडेपर्यंत मी थांबणार आहे, कुणाचा का फोन येईना. जिवल्या घरी येईल, मी येणार नाही. मी बोटीजवळ असेन. तुम्ही हे ऐकत असाल तेव्हा पंपाला नवं चाक बसलेलं असेल आणि पंप पाण्यानं भरलेल्या पिंपात असेल. हात लावू नका. कान लावू नका. धार पडते का ती बघा, आणि मगच माझं काय करायचं ते करा. बोलवायचं असेल तर जिवल्याला पाठवा. त्यानं बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तरी बसून राहीन.

काकी, तुला वाटेल, वाचून होईपर्यंत हा पळून जाईल. मलाही तीच भीती आहे. म्हणून जिवल्याच्या हातात ती बोंबलांची पिशवी दिलीय. तिच्यात माझी चप्पल आहे.

लपवून ठेव.

सुजीत