शिवयोगीची गिटार आन माझं मुसळ

५ नोव्हेंबर १९७८

धोटा थेट कपाळावर बसला! भुवईच्या वर. चिळकांडी उडाली रक्ताची. माझ्या नातवाच्या, शिवयोगीच्या. आन फेकणारा कोण - त्याचाच बाप, माझा लेक सिद्धलिंगप्पा. चालत्या मागातनं धोटा उडतो कधीमधी, सूत घेऊन पळणारं लाकूडच ते, दोन्ही टोकांना लोखंड असतं त्याच्या. शेजारच्या पार्वतम्माच्या दिराचा डोळा तसाच गेला. पण ह्यो उडाला न्हाई. ह्यो नेम धरून मारला.

कारण काय तर पोरगं मागावरनं उठून गिटार घेऊन बसलं.

'कारखाना काय तुजा आजा चालवणार?' - असं वरडला. आता आजा कवाचा गेला. आन कारखाना म्हंजे तरी काय, घरामागं पत्र्याखाली चार माग. टावेल निघतात.

मी हळद दाबली. शिवयोगी म्हणतो, 'अज्जी, डोळ्यात घालतीस का आता?' आन हसला! बावीस वर्षांचा घोडा, मार खाऊन हसतो. मी केरसुणी घेऊन सिद्धलिंगप्पाच्या पाठीत दोन घातल्या. त्याला काय कळतंय, पाठ न्हाई ती, भिंत हाय. सून शकुंतला दाराआड उभी. तिच्या तोंडातनं शब्द न्हाई. कवाच नसतो.

ही डायरी सूतवाल्यानं दिवाळीत दिली. सिद्धलिंगप्पानं टाकली, मी उचलली. तिसरीपतूर शिकलेय. कागद वाया कशाला घालवा.

८ नोव्हेंबर

सिद्धलिंगप्पा सूतबाजारात गेला तसा शिवयोगी माझ्या चटणीच्या खोलीत आला. मी शेंगाचटणी करून विकते ना, ती खोली. ही गिटार विजेची हाय. एका ऑर्केस्ट्रावाल्यांची, ते आपसात भांडून फुटले तवा ह्यानं घेतली. संध्याकाळचा शिवयोगी वेणीमाधव लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानी रेडिओ दुरुस्त करायला जातो, तिथनं एक जुना स्पीकर बी आणला. आन आणल्या आणल्या केलं काय - ब्लेड घेतलं आन स्पीकरच्या पोटातला कागद टराटरा फाडला!

'मुडद्या, चांगला हाय की तो!'

'अज्जी, नीट आवाजात राग मावत न्हाई.'

मग वाजवलं. नखानं न्हाई - मागात धोट्याला धक्का देतं ते पिकर, त्याचं जुनं चामडं कापून तुकडा केलाय, त्यानं. देवा सिद्धरामा! आधी वाटलं भिंत पडली. मग वाटलं पत्र्यावरनं कुणी साखळदंड वढतंय. मग तोच साखळदंड कुणाच्या तरी टाळक्यात! गोऱ्यांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला त्या साली मी नवी नवरी होते. गोळीबार झाला तवा सासूनं मला कणगीमागं कोंबलेलं, तितं बसून ऐकला तो आवाज. तसला पुन्हा कवा ऐकला नव्हता. पण तवा भ्या वाटलं. आज नाचावंसं वाटलं!

शब्द मात्र एक न्हाई. 'गाणारं कुटं हाय रं?' म्हटलं.

'न्हाई लागत अज्जी. शब्द आले की लोक भांडतात त्याचा अर्थ काय म्हणून. ह्याचा अर्थ कुणाला बी कळतो.'

मला तर पहिल्यांदाच कळला. मार देतोय पोरगं, सगळ्या जगाला मार देतोय!

१५ नोव्हेंबर

आज करामत बघितली. दोन टेप हायत त्याच्याकडं, दोन्ही दुसऱ्यांनी टाकलेले, ह्यानं नीट केलेले. एकात जाड तारांचा आवाज भरतो. मग तो टेप लावायचा आन त्याच्यावर बारीक तारा वाजवायच्या, दुसरा टेप दोन्ही ऐकून घेतो. मग दुसरा लावायचा, पहिला ऐकतो. असं थर चढवत जायचं, गोधडीसारखं. एकटा पोरगा, आन ऐकलं तर वाटतं पाच जण मारामारी करतायत!

'ढोल पायजे,' म्हणाला. ढोलवाला कुटनं आणणार? मी शेंगा कुटत होते. ह्यानं कान टवकारले.

'अज्जी, जरा जोरात कुट.'

कुटलं. 'आणखी जोरात. बाबा पडलेत उखळात असं समज.'

मग काय! मुसळ असं हाणलं की तिखट उडून डोळ्यात. हात थांबला न्हाई. शेवटी शिंक आली - ती बी टेपात गेली! मी म्हटलं पूस रं ती. 'राहू दे,' म्हणतो, 'बॉम्ब फुटल्यागत आलीय.'

१६ नोव्हेंबर

माझा हात त्या कॅसेटात हाय! मी मेले तरी कुटत राहणार!

२४ नोव्हेंबर

पार्वतम्मा नळावर म्हणते, 'चंद्रव्वा, तुमच्यात आता डुकरं कापाया लागले काय?' आमी लिंगायत, अंडं बी खात न्हाई, हे तिला ठावं हाय.

मी म्हटलं, 'न्हाई ग बाई, तुज्या नवऱ्याचं घोरणं भरून घेतलंय.'

तिनं घागर आपटली, मी बी आपटली. तिनं माझा पदर धरला, मी तिचा अंबाडा. बाया हसून हसून पडल्या. घरी आले ते पदर फाटका, पण कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! शिवयोगीला सगळं करून दाखवलं. त्यानं ते वाजवलं की! घागरीचा ठणठणाट, अंबाडा वढल्याचं किंचाळणं, सगळं तारांवर. तो नावं ठेवत न्हाई गाण्यांना, मग मी ठेवते. पहिल्याचं 'धोटा'. ह्याचं 'नळावरचं भांडण'.

पार्वतम्माला ऐकवलं. आधी तोंड वाकडं केलं. मग म्हणते, 'पुन्हा लाव, ते माझं किंचाळणं हाय न्हवं?'

३ डिसेंबर

वेणीमाधवनं कॅसेट ऐकली. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, सगळ्या पाळण्यांचे न् तंबूंचे लाऊडस्पीकर त्याचेच असतात. डोकं खाजवत म्हणाला, 'शब्द न्हाईत तर लोक गुणगुणणार काय?'

मी म्हटलं, 'गुणगुणतील कशाला, एकमेकांना हाणतील!'

'हेच भ्या वाटतंय, आज्जीबाई.' पण हसला. म्हणाला - संक्रांतीआधी पुरी कॅसेट आणून द्या, मौतका कुवा हाय न्हवं, मोटारसायकल गरगर फिरते तो, तितं लावतो. सगळी जत्रा ऐकंल.

शिवयोगी घरी येताना पुढं पुढं पळत होता. दारात आल्यावर माझे दोन्ही हात धरले, तिखटाचेच. 'अज्जी, सगळं सोलापूर!' असं पोराला मी कवाच बघितलं न्हवतं.

११ डिसेंबर

भाकरी करपली म्हणून सिद्धलिंगप्पानं शकुंतलेच्या कानशिलात मारली. ती तव्यावर पडता पडता राहिली. मी मुसळ घेऊन गेले आन त्याच्या नडगीवर हाणलं. एका पायावर नाचला! 'म्हातारे!' म्हणून वरडला. मी म्हटलं, म्हातारी तुजी आय हाय, आणखी एक देऊ?

हसू येतंय अजून. पण शिवयोगी काय करत होता? तारा पिळत होता. नुसता पिळत होता.

मी म्हटलं, 'आईला मारलं ते दिसलं न्हाई? एवढे दंड हायत तुजे. हात काय नुसता तारांवर चालवायचा?'

'मला न्हाई मारायचं, अज्जी.'

'का, भितोस?'

त्यानं खुंटी सोडली. मग म्हणाला, 'भितो. त्यांना न्हाई. एकदा मारलं की मग वाजवायला काय उरंल?'

काय बी बोलतं पोरगं. राग आला मला. पण मग त्यानं वाजवलं - आन सांगते, ती कानशिलात मारलेली मला पुन्हा ऐकू आली. आन तिचं न रडणं बी ऐकू आलं. शकुंतला चुलीपाशी उठून उभी राहिली होती. पीठ लागलेला हात गालावर.

ह्याला नाव न्हाई ठेवलं.

२२ डिसेंबर

एक तार तुटली ती त्याच्या गालावर सपकन. पुन्हा रक्त. पुन्हा हळद. हळदीचा डबा चटणीच्या खोलीतच आणून ठेवलाय!

३० डिसेंबर

सिद्धलिंगप्पानं एक टेप हौदात बुडवला. शिवयोगीनं काढला, खोलला, उन्हात वाळत घातला, माझ्या सांडग्यांच्या शेजारी. बाप बघत होता. 'फोडून टाकीन एक दिस,' म्हणाला. 'जत्रंत नाव काढणार व्हय माझं? टावेल कोण काढणार?'

तसं बघितलं तर शिवयोगी उठला की चारी माग तो एकटा वढतो, तीन कामगार सोडून गेले त्याच्या शिव्यांनी. पण म्हणून काय झालं!

टेप चालू झाला. जरा बुडबुडल्यागत वाजतो. शिवयोगी म्हणतो, तेच ठेवू.

७ जानेवारी १९७९

आज!! अक्षर बघा कसं येतंय.

शेवटचं गाणं भरायचं राहिलं होतं. माझे हात चटणीत, बटण कोण दाबणार? तर शकुंतला आली. आपणहून! पदराला हात पुसले आन टेपापुढं बसली. शिवयोगीनं मान हलवली, तिनं बटण दाबलं, मी मुसळ उचललं. आमी तिघं! असं कवाच झालं न्हवतं. स्पीकर गर्जत होता, मी घाव घालत होते, आन शकुंतलेचं डोकं हलत होतं, पोरीसारखं.

सिद्धलिंगप्पा बाजारातनं लवकर आला. दारात उभा राहिला. मला न्हाई बोलला, पोराला न्हाई. शकुंतलेचा अंबाडा धरला आन वढलं तिला उंबऱ्यावरनं. डोकं चौकटीला आपटलं तिचं.

मी वरडले, 'शिवा, मार! मार की रं! तिला मारंल तो!'

शिवयोगी उभा राहिला. गिटारीचा पट्टा गळ्यातनं काढला, सावकाश. गिटार उलटी धरली, कुऱ्हाड धरतात तशी. माझ्याकडं एकदा बघितलं त्यानं. मी पुन्हा म्हटलं - मार!

हाणली. जबड्यावर.

आन काय सांगू! वायर लागलेलीच होती. तो घाव स्पीकरमधनं आला! आभाळ फाटल्यागत! सहाच्या सहा तारा एकदम वरडल्या, पत्रे हादरले, पार्वतम्मा धावत आली. सिद्धलिंगप्पा पोत्यागत पडला. गिटारीची मान मोडून लोंबत होती. आन टेप चालूच!! सगळं भरलं गेलं!

दवाखान्यात नेलं. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, दात तारेनं बांधले, महिनाभर तोंड उघडायचं न्हाई. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत शकुंतला बोलली. आमची शकुंतला!

'धोटा उडाला,' म्हणाली.

८ जानेवारी

चार वेळा ऐकला तो घाव. पार्वतम्मानं बी ऐकला. आता ह्या शेवटच्याचं नाव 'मार की रं'. त्यात माझा आवाज हाय, घावाच्या आधी, स्वच्छ!

सिद्धलिंगप्पा खाटेवर पडून. शकुंतला त्याला नळीनं पेज पाजते. मी म्हटलं, आता वरड की. कशी ग बाई मजा!

१० जानेवारी

माग बंद ठेवून चालंना, टावेलवाला दारात बसलेला. शिवयोगी पहाटेपासनं मागावर. वेणीमाधवनं निरोप धाडला - कॅसेट कुटं हाय? दुसरी गिटार बघू काय मुंबईहून? शिवयोगी म्हणाला, येळ न्हाई. फाटका स्पीकर उचलून अडगळीत टाकला त्यानं. दमलाय पोरगं. जेवताना मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. दमल्यावर असं होतंच.

मीच देणार कॅसेट वेणीमाधवला. सगळी जत्रा माझ्या नातवाचा घाव ऐकंल!

१२ जानेवारी

कॅसेट पदरात बांधली. निघता निघता म्हटलं, एकदा ऐकावं. टेप वट्यावर आणला, बटण दाबलं. माझं मुसळ वाजलं, तारा वाजल्या, माझा आवाज आला - मार की रं. चुलीपाशी शकुंतला भाकरी थापायची थांबली.

'बंद कर ते!'

मागनं आरोळी आली तसं टोपलं पडलं शकुंतलेच्या हातनं. मी म्हटलं, सिद्धलिंगप्पा, तुजं तोंड तर बांधलंय. वरडलास कसा?

वळून खाटेकडं बघितलं. तो तसाच पडलेला, दात तारेत. नुसत्या डोळ्यांनी हसत होता, दाराकडं बघून.

दारात शिवयोगी. हातात धोटा.