चिमट्याची बैठक

१७ ऑक्टोबर १९९४

परत! साताऱ्याच्या दुकानदार हिंदुरावानं सायकलींचे, पुढचं चाक धरणारे सगळे चिमटे परत पाठवले. फोनवर ओरडत होता, "काका, हँडल खुळखुळ्यागत वाजतंय!" चिमट्याच्या बुंध्याशी कापलेल्या बैठकीवर बेअरिंगचा लोखंडी कोन ठोकून घट्ट बसायला हवा, इथं बोटानं फिरतो!

लालासाहेबाला दाखवलं. तीस वर्षं माझ्या लेथवर, आणि उत्तर काय? "आवं मालक, गेजनं बघूनच कापतोय की." गेजनं म्हणे! गेज म्हणजे मापाची पोलादी कडी; ती बैठकीवर अलगद उतरली की कापणं थांबवायचं. त्यात डोकं कसलं लागतं?

आमचे गुरुजी चिंचेखाली कविता म्हणून घ्यायचे, छडीनं ताल धरून. एक मात्रा कमी पडली की सगळा वर्ग थांबायचा. तो कान हल्ली कुणाला? ह्यांना ट्रान्झिस्टर हवा, त्यावरचा धांगडधिंगा हवा.

१८ ऑक्टोबर

समोर उभा राहून नवा चिमटा कापायला लावला. पुन्हा सैल!

सगळ्यांदेखत म्हणालो, "हात गेले तुझे, लालासाहेब. घरी बसून शेंगा फोड आता." कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्यानं लेथ पुसला, हत्यारं जागच्या जागी ठेवली, गेला.

जाऊ दे!

२० ऑक्टोबर

आज मीच लेथवर. शाळेतली कविता गुणगुणत झकास कापला — सैल. हल्लीचं लोखंड म्हणजे निव्वळ चिखल!

दुसरा कापला. तोही सैल.

मग ती गेजची कडी उजेडात धरली. आतून पिवळी! तेलात कालवलेली हळद, वाळून टणक झालेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मीच केली. भक्तीच्या भरात आतूनही बोट फिरवलं असणार. पूजेची हळद दिवाळीपर्यंत पुसायची नाही, हा नियमही माझाच. कडी आतून अरुंद झालेली — ती उतरेपर्यंत बैठक जास्तच कापली जायची.

काडीनं खरवडली, रॉकेलनं धुतली. तिसऱ्या चिमट्यावर कोन ठोकूनच बसला. वा!

२१ ऑक्टोबर

कुणाला सांगितलं नाही. मालकानं असलं सांगत सुटायचं नसतं.

रंगकाम करणारा आकाराम विचारत होता, "लालातात्याला बोलवून आणू का?" म्हटलं, पोट बोलावेल त्याला. येईल पाय आपटत. आला की मीही दोन दिवस बोलणार नाही!

२९ ऑक्टोबर

लालासाहेबाची बायको रंगुबाई आली होती, खुंटीवरचा त्याचा कामाचा शर्ट न्यायला. तो फलटणकडं साखर कारखान्यावर रखवालीला लागलाय.

"म्या लय सांगितलं, एकदा मालकास्नी जाऊन इचारा. तर म्हणत्यात, 'मालक उगं बोलायचे न्हाईत. माझं हातच गेलं.' आता चहाची कपबशी बी दोन्ही हातांनी धरत्यात."