पलटणीच्या बराकीची पश्चिम भिंत

अमरावती,
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाची मशीन तुम्ही डब्यात घालून ठेवली आहे, म्हणून हे पत्र. आईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावा.

पलटणीच्या जुन्या बराकीच्या पाहणीचं काम माझ्याकडे आलं आहे. काय इमारत आहे, बाबा! शंभर फुटांचं एकच दालन, चुन्यात बांधलेली दोन फूट जाडीची दगडी भिंत, वर छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या. आत शिपायांच्या खाटांचे एक ते चाळीस आकडे अजून वाचता येतात. पण पश्चिमेची भिंत खालून ओली आहे, हात लावला की पोपडे पडतात. आमचे साहेब म्हणतात, भिंत मुळातच कच्ची, सगळी बराकच पाडून टाकू. अठ्ठावीस तारखेला माझा अहवाल जायचा आहे आणि माझं मन काही मानत नाही. जेवताना, गाडीवर, तीच भिंत डोक्यात.

फाईलमध्ये १९८८ सालच्या दुरुस्तीची नोंद आहे, पण काय केलं, कोणी केलं, ते पानच नाही. तुम्ही तेव्हा इथेच मेस्त्री होतात. कोणाचं काम असेल? लगेच कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
सीमा


अकोला,
८ फेब्रुवारी

चि. सौ. सीमाले,
अ. उ. आ.

पत्र भेटलं. तुह्या आईचे गुडघे दुखून राहिले, तरी घरात बसत नाही.

बराकीच्या भानगडीत तू काहून पडते? म्हातारी इमारत हाय, पडू दे. साहेब म्हणतात तसं लिवून टाक अन् मोकळी हो. अठ्ठ्याऐंशी सालचं मले काय आठवते? त्या साली तू झाली, तेवढंच. अन् त्या भितीचा खालचा गिलावा उकरू नको, विंचू निंगतात.

दोन रोज झाले, मले करमत नाही. बसस्टँडवर जातो, गाड्या पाहतो, वापस येतो. आई इचारते काय झालं. काही नाही झालं. तू जपून राह्य, बापावर राग धरू नको.

तुहा बाप,
खुशाल


अमरावती,
१३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही उकरू नको म्हटलं आणि मी उकरलं. भिंत आधी ठोकून पाहायची, मग बोलायचं, हे मला तुम्हीच शिकवलं ना? मग 'लिवून टाक अन् मोकळी हो' हे कोण बोलतंय?

सिमेंटच्या गिलाव्यामागे दगड ठणठणीत आहे. खाली जोत्यात हवेसाठी सतरा झरोके होते, सगळे विटा लावून बुजवलेले. ओल आत कोंडली, तिला बाहेर निघायला वाटच नाही. साहेब म्हणतात, झरोके पहिल्यापासून बंद असतील, नंतर बुजवले याला पुरावा काय? पुरावा नसेल तर बराक पडणार.

त्या गिलाव्यावर थापीचे फटकारे उलटे आहेत, डावऱ्या हाताचे. आपल्या न्हाणीघरात आहेत अगदी तसेच. मी अर्धा तास पायरीवर बसून राहिले.

बाबा, ते तुम्हीच केलं ना? अहवालात तुमचं नाव लिहायला माझा हात धजत नाही, 'अज्ञात मेस्त्री' लिहीन. पण मला खरं सांगा. रागावले आहे, तरी तुमचीच आहे.

सीमा


अकोला,
१८ फेब्रुवारी

चि. सौ. सीमाले,
अ. उ. आ.

व्हय पोरी, मीच.

तवा बराकीत कागदाईचं गोदाम होतं. झरोक्यातून साप निंगला म्हणून तवाच्या साहेबानं बुजवा म्हटलं. माहे उस्ताद उस्मानभाई संग होते. चुना कसा मुरवाचा, सारं त्यायनंच मले शिकवलेलं. ते म्हणाले, जाळी लाव, बुजवू नको, भितीचा दम कोंडन. मले नव्या सिमेंटचा लय तोरा. साऱ्या मजुराईसमोर म्हटलं, उस्ताद, तुमचा जमाना गेला. लोक हासले. मीबी हासलो. त्यायनं थापी धुतली, थैलीत टाकली अन् आपल्या गावी पातूरले निंगून गेले.

सदतीस वर्सं झाले, मी त्यायले तोंड दाखवलं नाही. पातूर काय दूर हाय इथून? बराक पडली असती तर ते झरोके कोणालेच दिसले नसते, म्हणून पाडा म्हटलं. तुले सांगाची लाज वाटते.

काल गेलो पातूरले. त्यायची नात अफिफानं दार उघडलं. उस्ताद ब्याऐंशीचे झाले. सारं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो, पण बाप्पा, एक शिवी नाही! अफिफा म्हणे, दरसाल पावसाळा सरला की दादा, म्हंजे तिचे आजोबा, अमरावतीले जात, रस्त्यापलीकडून ती भित पाहत अन् वापस येत. मागच्या सालापासून पाय चालत नाहीत. मले तिथं रडू आलं.

'अज्ञात मेस्त्री' लिवू नको. संग माह्या सहीचा कागद धाडून राहिलो. झरोके मी बुजवले, उस्मान मेस्त्री नको म्हणत होते, दोन्ही लिवलं हाय. तुह्या ऑफिसात लोक बोलतीन, बोलू दे. भितीवर आळ नको. साहेबाची परवानगी घेऊन ठेव, सोमवारच्या एसटीनं मी उस्तादाले हात धरून घेऊन येतो. त्यायनं खुर्चीवर बसून सांगाचं अन् सतराच्या सतरा मी उघडाचे, असं ठरलं.

कागद त्यायले वाचून दाखवला. ते म्हणाले, एक ओळ राहिली. म्हणून खाली लिवलं हाय, की मजुराईसमोर मी उस्तादाले हासलो. सरकारी कागदात हे कायले, असं तुले वाटन, तुह्या साहेबालेबी वाटन. ती ओळ कोणाले खोडू देऊ नको.

तुहा बाप,
खुशालराव मेस्त्री