चौथा टेक

९ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी

चि. धाकट्या,

इथे थोरल्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो. मी तेवढी जागा कोरी सोडली आहे. पत्र संपेपर्यंत लिहावासा वाटला तर लिहीन.

फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते.

आई बरी आहे. खोकला गेला. स्वयंपाकघरातला नळ प्लंबरने तीन हेलपाटे घालून अखेर बंद केला. आता तो उघडतच नाही. आई रोज विचारते, "धाकट्याचं गाणं शुक्रवारीच ना?" शेजारच्या काकूंना आमंत्रण गेलं आहे. चष्म्याची काचही बदलून आणली, खास तुझ्या गाण्यासाठी.

आता गाण्याकडे येते.

तू सगळ्यांना सांगत सुटला आहेस की हे गाणं म्हणजे जुन्या सिनेमाला मानवंदना. पाच सिनेमांतले पाच प्रसंग, ओळखा पाहू! मला मोजायची खोड आहे, तुला माहीत आहे. काल सकाळी तू मंजूर केलेलं गाणं लावून मोजलं. साडेतीन मिनिटांत गायकाचा चेहरा एक्केचाळीस वेळा येतो. नाचणाऱ्या मुलीची पाठ तेवीस वेळा, टाचा नऊ वेळा, मान आणि केस मिळून चौदा. तिचा चेहरा एकदाही नाही. पाच सिनेमांतून तू पुरुष अख्खे उचललेस आणि बायका तुकड्यातुकड्यांनी.

हे तुकडे मीच जोडले आहेत. तेव्हा मी तुला फैलावर घेते आहे ते उंचावर बसून नाही, हे लक्षात ठेव.

त्या पाचांतला जिन्याचा प्रसंग मला तू शूटिंगच्या आधी माझ्या एडिटच्या खोलीत दाखवलास. नायिका दगडी जिना उतरते आहे, तो मागून तिचं मनगट धरतो आणि तिला उलटी वर खेचतो. तू खुर्चीवरून उठलास. "ताई, बघ! अख्ख्या शॉटमध्ये तोंड दाखवलं नाहीये बाईचं. नुसती पाठ. काय हिंमत असेल त्या दिग्दर्शकाची!"

मी म्हटलं, "हं."

त्या "हं"बद्दल हे पत्र आहे.

मी बारा वर्षांची असताना एका दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. तू शाळेत होतास. जिना आला तशी आई निवडायचं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "ती पाठ माझी आहे." मला वाटलं, गंमत करते आहे. "तेव्हा मी सिनेमांत गर्दीत उभी राहायचे. नायिका म्हणाली, दगडाचा जिना, मी नाही करणार. मग तिचे कपडे मला चढवले. तोंड दिसलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून पाठ." तिसऱ्या खेपेला ती खरोखर पडली, आणि तेच पडणं सिनेमात आहे. मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. ती हसत म्हणाली, "पडद्यावर मी नव्हतेच, मग लागलं कुणाला?" आणि लगेच, "धाकट्याला सांगू नकोस हं. त्याला सिनेमा फार आवडतो."

आईला बरण्यांची झाकणं का उघडता येत नाहीत, हे तू कधी विचारलं नाहीस. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा दंड फुगवून तिला झाकणं उघडून द्यायचास आणि घरभर सांगायचास, "आईपेक्षा मी ताकदवान!" आम्ही दोघी टाळ्या वाजवायचो.

तुझ्या त्या थोर दिग्दर्शकाची हिंमत ही एवढीच. लपवायचं होतं ते लपवलं. तू त्या लपवाछपवीला शैली समजलास आणि हुबेहूब उतरवलीस. अगदी मनगटासकट.

मी तेव्हाच का बोलले नाही? डायरीत दोन कारणं लिहून ठेवली आहेत: आईला दिलेला शब्द, आणि तुझा उत्साह मोडायला नको. दोन्ही खोटी नाहीत, पण पुरतीही नाहीत. तिसरं कारण असं की तो शॉट माझ्या हातून कसा बसतो, हे मला पाहायचं होतं.

आता चौथा टेक. सेटवर गाणं मोठ्याने वाजत असतं, माणसांचा आवाज कुणी घेत नाही. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या चित्रात फक्त ओठ हलतात. पहिल्या तिन्ही टेकमध्ये मुलगी ठरल्यासारखी खेचली जाते. चौथ्यात गायक हिसका देतो, तिचा खांदा उचलला जातो आणि ती मान वळवून काहीतरी बोलते. तू टेबलावर हात आपटलास. "हा! हाच ठेव! फक्त मान वळते तिथे काप, तोंड नको. काही बोलतेय का गं ती?"

मी म्हटलं, "गाणं म्हणत असेल."

कुठे कापायचं ते ठरवायला मी तो टेक पंधरा-वीस वेळा पुढेमागे केला. ती म्हणत होती, "सोडा, हात मोडतोय." पहिल्याच खेपेला मला ते वाचता आलं होतं. मी बारा फ्रेम आधी कापलं. हिसका राहिला, तोंड गेलं. तू म्हणालास, "ताई, तुझ्या हाताला तोड नाही." त्या दिवशीच्या डायरीत एकच ओळ आहे: शॉट छान बसला.

परवा ती मुलगी माझ्याकडे आली. हाताला प्लास्टर. बसा म्हटलं तरी दारातच उभी राहिली. "ताई, बाकी काहीही ठेवा. तेवढा एक काढा. माझी आई बघणारे." मी विचारलं, दिग्दर्शकांशी बोललीस का? तर म्हणाली, "बोलले ना, फोनवर. ते म्हणाले, तोंड कुठे दिसतंय तुझं? कुणाला कळणार आहे?"

म्हणजे तुला ठाऊक होतं. सेटवर तू दोन पावलांवर उभा होतास. तिथे गाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही असं समजू. फोनवर तर गाणं वाजत नव्हतं.

तेव्हा मी काय केलं ते नीट वाच. चौथा टेक काढला. तिथे पहिल्या टेकच्या आधीचा तुकडा लावला. कॅमेरा सुरू झाला आहे, तुझी आरोळी अजून यायची आहे, आणि ती आपल्या पायांनी जिना उतरते, समोर बघत. चेहरा पूर्ण दिसतो. तुझा संदर्भ त्यामुळे कुणालाच ओळखू येणार नाही. काल संध्याकाळी हीच फायनल तुझ्या नावावर म्युझिक कंपनीकडे गेली.

चौथा टेक पुन्हा लावायला दुसरा संकलक बोलावशील, म्हणून सांगते: तो टेक असलेली डिस्क आणि तिची प्रत, दोन्ही त्या मुलीकडे आहेत. सोबत माझ्या सहीचा कागद आहे. ती काय बोलते आहे आणि मी तुला काय सांगितलं, दोन्ही त्यावर आहे. संकलकाच्या खोलीतून रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बाहेर जात नाहीत, हा नियम मी वीस वर्षं पाळला. आता मला कुणी काम देणार नाही, तू तर नाहीच. हे मी विचार करून केलं. मोठेपणाने केलं की आधीचं पाप धुवायला, ते अजून ठरत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ मनगट चोळत बसली. मग विचारलं, "त्या मुलीचं हाड सरळ जुळलं का?" तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. काकूंचं आमंत्रण मात्र मागे घेतलं नाही. शुक्रवारी त्या दोघी बघणार आहेत.

वर सोडलेली जागा कोरीच राहू दे. आईला भेटायचं असेल तर ये, दार उघडं आहे. पण तिचं काम करायला म्हणून येऊ नकोस. झाकणं आता मी उघडते.

जिने कापलं ती,
ताई