किती शहाणी मुलगी

गुरुवार, १४ तारीख, सकाळ

सूनबाईस आशीर्वाद.

काल कोर्टाच्या समुपदेशक बाई घर बघायला आल्या आणि जाताना भिंगरीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती शहाणी मुलगी!" म्हणून हे पत्र. तुझ्या नावामागे सौ. लिहायचं की नाही ते कोर्ट ठरवेल. मी नुसतं सूनबाई लिहिते. मी बरी आहे. अक्षर वाकडं येतंय तिकडे लक्ष देऊ नकोस, बाथरूममध्ये घसरले. तो अंघोळीला गेलाय. पाणी पडतंय तोवर लिहून घेते.

बाई बराच वेळ बसल्या. भिंगरी खुर्चीच्या कडेला, हात मांडीवर. पाय म्हणून हलला नाही. पाच वर्षांची पोर! तू होतीस तेव्हा एका जागी टिकत नसे, म्हणून तर आपण तिला भिंगरी म्हणायला लागलो.

"बाबा आवडतात?"

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. खूप."

"आणि आईकडे जावंसं वाटतं?"

"बाबा सांगतील तसं."

बाई माझ्याकडे वळून हसल्या. "आजी, तुम्ही मुख्याध्यापिका होतात ना? शिस्त दिसतेच."

"अहो, आमच्याकडे आईचा दरारा," हा म्हणाला. "मी अजून तिच्यासमोर उभाच असतो. बसायचं तर अर्ज करावा लागतो."

सगळे हसले. भिंगरीही हसली, आणि त्याचं हसू थांबल्याबरोबर थांबली.

माझ्या नावाचा असा उपयोग चाललाय. गप्प बसलेलं मूल आणि गप्प केलेलं मूल, दोन्ही मी जन्मभर पाहिली. वर्गात दंगा करणाऱ्यांची मला कधी काळजी वाटली नाही.

सोमवारी बाईंचा अहवाल न्यायाधीशांपुढे जाईल. तू जीव मुठीत धरून बाहेर पडलीस, त्याला त्याचा वकील 'मुलीला टाकून गेली' म्हणतोच आहे. त्यात हा शेरा. वर काल बाई गेल्यावर हा म्हणाला, "आई, माझी बदली होतेय. तू इथेच राहा, या वयात कशाला दगदग? आम्ही दोघंच जाऊ."

आम्ही दोघंच.

गेल्या आठवड्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात राहिले होते, ते तुला कळलं नसेल. घरी आले तर दाराला बाहेरून कुलूप. हा आदल्या दिवशीच बाहेर पडलेला. पोर आत एकटी. काय खाल्लंस विचारलं तर सांगेना. तोंडाला टूथपेस्टचा वास येत होता. ट्यूब कापून आतून चाटलेली. हा आल्यावर मी जाब विचारला. त्यावर त्याने

पाणी थांबलं.


त्याच दिवशी, दुपार. कोर्ट, दुसरा मजला

पत्र चष्म्याच्या डबीत घालून आणलं. तू पलीकडच्या खोलीत भिंगरीजवळ आहेस. माझा जबाब झालाय, त्यामुळे मला इथे वेगळं बसवलंय. बाई म्हणाल्या, पत्र मी वाचेन आणि मगच पुढे देईन. वाचू देत.

तुला ठाऊकच आहे, भेटीला मूल आणणाऱ्याने 'परत नेईन' अशी सही करायची असते. दर गुरुवारी मी करते. आज बाईंनी पेन पुढे केलं तेव्हा म्हणाले, "ही सही मी करणार नाही."

"आजी, नियम आहे तो."

"म्हणूनच करणार नाही. तुमचा कालचा शेरा चुकलाय. दार लावा, सांगते."

सगळं सांगितलं. बाथरूममध्ये मी घसरले नव्हते. मी जाब विचारला म्हणून त्याने हात पिरगाळला. मनगट दाखवलं. डॉक्टरांनाही खोटंच सांगितलं होतं. पोटच्या गोळ्याविरुद्ध जीभ रेटत नाही. बाईंचा चेहरा उतरला. "मला कसं नाही कळलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ते नंतर. आधी न्यायाधीशांकडे जा."

त्या गेल्यात. तो खाली गाडीत बसलाय. फोन सारखा थरथरतोय. आधी 'झालं का?', मग 'एवढा वेळ?', आता नुसतं 'आई'. जिन्यात पाऊल वाजलं की मी लिहिणं थांबवून ऐकते. त्याचं पाऊल मी लगेच ओळखेन. चालायला मीच शिकवलं.

बाई आल्या. सोमवारपर्यंत भिंगरी तुझ्याकडे. सोमवारी हेच सगळं मला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचंय. सांगेन. तुम्ही मागच्या दाराने निघा, महिला पोलीस सोबत येतील. मी कुठे उतरणार ते इथे लिहीत नाही. फोन करू नकोस. हा फोन त्यानेच घेऊन दिलाय.

भिंगरीची आजी
(त्याची आई, असं आज लिहवत नाही)

समुपदेशक बाईंच्या हाती दिले ते असे: मुलगी, अंगावरच्या कपड्यांनिशी. खोकल्याचं औषध, अर्धी बाटली. घराची माझ्याकडची किल्ली. कापडी ससा, पोटाची शिवण उसवलेला. शिवण मी घातलेली नाही, तूही घालू नकोस. आत पावाचे तुकडे आहेत, तिने साठवलेले. ती स्वतः काढून टाकेल तोवर राहू देत.