रेवतीचे उंदीर

चि. रेवती,

मला तुझ्या उंदरांचा हेवा वाटतो. हस हवं तर.

दुखणं आमचं एकच, प्रोस्टेटचा कॅन्सर. त्यांना तो तुम्ही लॅबमध्ये दिलात, मला आपोआप झाला. पण नव्या जीनचं इंजेक्शन आधी त्यांना! मी विचारलं तर म्हणालीस, "बाबा, माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षं आहेत यार." मग मी काय करू तोवर?

त्यांना गार लागू नये म्हणून तू तळवे चोळून ऊब आणतेस. साधी शिंक आली तरी त्यांच्या खोलीत जात नाहीस. त्यांची गाठ स्वतः मोजतेस. माझी तब्येत मात्र दारातच, चपला काढता काढता विचारतेस आणि उत्तर न ऐकता आत जातेस.

परवा फरीदाबादच्या लॅबमधून रडून आलीस. एक उंदीर गेला म्हणे. उंदरासाठी रडलीस! मी रागाने जेवलोच नाही.

आज तुझ्या लॅबमधला यशोधन इथे करोल बागेत आला होता, म्हणून सहज घरी डोकावला. म्हणाला, "काका, उंदरांना आम्ही नंबर देतो, नाव कधीच नाही. रेवतीने मात्र परवा गेलेल्या त्या एकाला दिलं होतं. दत्तू."

तुझी आई मला हाक मारायची ते नाव.

"इंजेक्शन देऊनही गेला?" मी विचारलं.

"नाही काका. तुलनेसाठी काहींना औषध देतच नाहीत. तो त्यांतला."

बेल वाजली, तूच असशील. आज दारात विचारलंस की सांगेन, बिल्कुल ठीक आहे.

तुझाच,
दत्तू