बरणीतली माती

११ जाने. १९५९
अण्णाच्या जीपमधून वल्लमच्या माळावर. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या जंगलखात्यानं कडेची एक पट्टी सोडून तिथली झुडपं आखूनमापून जाळली, पावसात सुरूची रोपं लावली. राखेवर हिरवं गवत आलं तेव्हा आमचे बंधुराज काय खूष! आता रोपं पिवळी. या पावसात माळावर एक अळंबंसुद्धा उगवलं नाही म्हणे. मूठभर माती नाकाशी धरली. मातीला वासच नाही.

१९ जाने.
कॉलेजात माळाची आणि पट्टीची, दोन्हीकडची माती काचेच्या बशांत पेरली होती. न जाळलेल्या पट्टीची बशी बुरशीनं गच्च, पांढरी, हिरवी, करडी. जळक्या मातीच्या बशीत नुसती एक नारिंगी बुरशी, आगीमागून येते ती. भरभर पसरतेय. झाकण घालून ठेवली, बघवेना.

२ फेब्रु.
अण्णाला मुळं उपटून दाखवली. पट्टीजवळची रोपं हिरवी, मुळांना पांढरे धागे. मेलेल्यांची मुळं बोडकी. हा गृहस्थ धागे बघून ओरडला, "हीच ती कीड! त्या पट्टीतून येतेय."
अरे देवा. चोर सोडून संन्याशाला फाशी!
म्हटलं, "अरे, हे धागेच रोपाला पोसतात. विरजण आहे ते. पट्टीतली माती थोडी थोडी तिकडे लावली तर बाकीचीही जिवंत होईल."
"कमळे, तू मुलींना शिकव. रान मी बघतो."
पट्टीही जाळायची ठरली. ती गेली की त्या माळावर जिवंत माती उरत नाही. परत लावणार, परत मरणार. इतका राग आला की जेवले नाही.

२७ फेब्रु.
उद्या जाळणार. आज बसनं जाऊन खुरप्यानं माती काढून आणली, पाचोळा, मुळं, धागे सगळ्यासकट. घरातली मोठी चिनी बरणी नेली होती, आईला न विचारता. तोंडाला ओलं फडकं बांधून माझ्या खाटेखाली ठेवली, अण्णाच्या देखत. पावसापर्यंत जगवायची.

२८ फेब्रु.
जाळली. गच्चीवरून धूर दिसला, मोठ्या देवळापलीकडे. अण्णा जेवायला आला, केसांत राख.

१५ मार्च
अण्णा आला तो चपला न काढताच आत. पट्टीलगतची हिरवी रोपंही माना टाकताहेत.
"कमळे, तू ती माती आणली होतीस ना? थोडी देशील?"
चांगलं सुनावायचं जिभेवर आलं होतं. त्याचा चेहरा बघून गिळलं.
खाटेखाली बरणी नाही.
स्वैपाकघरात आई मावडूचं लोणचं भरत बसलेली. कैऱ्या, मीठ, मिरची. त्याच बरणीत.
"शी! माझी सोवळ्याची बरणी, आणि आत बुरसटलेली घाण! परसात टाकली. आधण ओतून धुतली बरणी, तेव्हा कुठं शुद्ध झाली."
दोघं परसात धावलो. केळीखाली काळा ढीग. अण्णा उकिडवा बसून ओंजळीत घेऊन वास घेत राहिला. वास येतोय का, विचारायचा धीर होईना.
आई दारात आली. आधण मातीसकट बरणीत ओतलं असेल तर सगळे धागे मेले. विचारलं, "आई, आधी माती टाकलीस की आधी आधण ओतलंस?"
"आधी…" आई थांबली. मिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. "आठवत नाही गं."